खटका

“नट धरलास का?” वरून श्रीरंगनी विचारलं.

“धरलाय.”

“आणि पाना?”

“तोही धरलाय. फिरवा तुम्ही.”

मी डेकच्या खाली उताणी पडले होते, पाठीखाली पोतं घालून. वरच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या तोंडावर येत होत्या आणि श्रीरंग जरा हलले की भुसा थेट डोळ्यांत. बोल्ट वरून घालायचा, खालून कुणीतरी नट धरायचा, मग वरच्यानं आवळायचं. तुळईच्या त्या बेचक्यात फक्त माझाच हात जायचा. त्यामुळे ते वर आणि मी खाली, असं सबंध काम चाललं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ओतूरच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला आम्ही नवं घर बांधलं होतं. श्रीरंग ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे, मी त्याच संस्थेच्या शाळेत मराठी. अमेरिकेतल्या चुलतदिरानं आपल्या घरामागच्या डेकचे फोटो पाठवले आणि श्रीरंगच्या डोक्यात ते बसलं. आमचं मागचं अंगण उताराचं होतं. दारापाशी जमीन जेमतेम वीतभर खाली, पण कुंपणाकडे जावं तसतशी छातीइतकी खोल. तिथे दाराच्या पातळीत लाकडी फळ्यांचा डेक घालायचा, त्यावर खुर्च्या टाकायच्या आणि संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेकडे बघत चहा प्यायचा, असा बेत.

“सुतार लावू या ना,” मी म्हटलं होतं.

“मग त्यात मजा काय राहिली? आपलं घर आहे, आपल्या हातानं करू.”

त्यांनी पुस्तकं वाचली, कागदावर आकृत्या काढल्या, जुन्नरच्या वखारीतून लाकूड आणलं. मागच्या भिंतीत होतं ते साधं दार काढून काचेचं मोठं सरकतं दार बसवून घेतलं. खांबांचे खड्डे स्वतः खणले. हाताला फोड आले ते शाळेत सगळ्यांना दाखवत हिंडले. खरं सांगायचं तर मला ते त्या दिवसांत फार आवडत होते. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि एकत्र करायचं असं आमच्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. डेकनं ते दिलं.

माझ्या सासूबाई आमच्याजवळच असायच्या. श्रीरंग त्यांना ‘बाई’ म्हणायचे, म्हणून मीही बाईच म्हणायचे. बाईंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

“डेक म्हंजी काय रं?”

“लाकडी ओटा, बाई.”

“मंग दगडाचा घाल की. हे पावसात कुजायचं. अन् खाली एवढी पोकळी ठिवलीस, तिथं काय विंचूकाटा पाळायचाय व्हय?”

त्या पोकळीला दोन बाजूंनी फळ्या मारून झाल्या होत्या. एकच बाजू उघडी होती, पायऱ्यांजवळची. तिथूनच मी आत-बाहेर करायचे.

मग एक आठवडा परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून काम बंद होतं. त्याच आठवड्यात आमच्या कुंपणापलीकडचा ढोबळ्यांचा ऊस तुटला. घर बांधल्यापासून मागे उसाची हिरवी भिंतच असायची, ती गेली आणि एकदम उघडं उघडं वाटायला लागलं. आता नुसती खोडक्यांची जमीन आणि तिच्या टोकाला हत्तीगवताचा एक पट्टा. बाई दोनतीनदा म्हणाल्या, मागून उग्र वास येतोय, बोका मुतला असेल. मी फिनेल टाकायचं ठरवलं आणि विसरून गेले.

तर रविवारची सकाळ. शेवटचे काही बोल्ट राहिले होते. श्रीरंग वरून पाना फिरवत होते आणि कसलंसं गाणं गुणगुणत होते, तेवढ्यात मला माझ्या डोक्यामागे आवाज आला. बारीक, चिरका. मान वळवली. आत दाराच्या बाजूला उरलेल्या फळ्यांची चळत रचून ठेवली होती, त्या फळ्यांच्या मागून आवाज येत होता.

“अहो,” मी हसत म्हटलं, “मांजर व्यालीय आपल्या डेकखाली. बाईंना बरोबर वास येत होता.”

“किती आहेत?”

“थांबा, बघते.”

मी कोपरांवर सरकत गेले. फळ्यांच्या आड दोन पिल्लं एकमेकांवर पडली होती. मांजराच्या पिल्लांपेक्षा चांगलीच मोठी, मळकट काळसर रंगाची, डोकी जड, पंजे अंगाच्या मानानं थोराड. एकानं माझ्याकडे पाहिलं. डोळे निळसर होते. मग त्याच्या अंगावरचे ठिपके मला दिसले.

आमच्या भागात बिबट्या, लोकांच्या तोंडी वाघच, हे काही नवल नाही. उसात त्यांची वीण होते, ऊस तुटला की ते सैरभैर होतात, हे शाळेतल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण डोळ्यांनी दिसत असूनही त्या घटकेला मला ते कळेना. मी आपली बघतच राहिले.

“नीला.” वरून श्रीरंगचा आवाज आला. गाणं थांबलं होतं. “नीला, बाहेर ये.”

“अहो, ही पिल्लं...”

“बाहेर ये. आत्ता.”

त्या आवाजानं मी भानावर आले. उलट्या दिशेनं सरपटत निघाले. कुठे तरी ब्लाउज खिळ्याला अडकून फाटला. उघड्या बाजूनं बाहेर पडून उभी राहिले आणि कुंपणाकडे पाहिलं. ती हत्तीगवताच्या कडेला होती. मादी. मी टीव्हीवर बघितले होते त्यापेक्षा लहान वाटली मला, आणि लांब. अंग जमिनीला चिकटवून ती माझ्याकडे बघत होती. मागे पिल्लू पुन्हा ओरडलं आणि ती निघाली.

मी पायऱ्या चढले. कशा चढले ते आठवत नाही. डेकवरून दाराकडे धावले. श्रीरंग दारातच होते. ते आत शिरलेले मला दिसले, दार सरकलेलं दिसलं. ते माझ्यासाठी वळतायत असं मला वाटलं.

खट्.

अ‍ॅल्युमिनियमच्या त्या दाराला आतून खटका होता. दार पूर्ण लागलं की तो वर ढकलायचा. त्याचा आवाज बारीक यायचा, एरवी लक्षातही येत नसे.

मी काचेवर तळहात ठेवला. “अहो,” मी म्हटलं.

श्रीरंग काचेपलीकडे होते. आमच्यामध्ये काचेइतकंच अंतर. त्यांचा हात खटक्यावर होता आणि ते माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे नव्हे, माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर भुसा चिकटला होता, तोही मला दिसत होता. मी पुन्हा “अहो” म्हटलं. त्यांनी खटका आणखी दाबून धरला. बोटांची पेरं पांढरी झाली.

मागून खोडक्या मोडल्याचा आवाज आला, मग कुंपणाची तार झणझणली. मी वळले नाही. काचेला कपाळ टेकून उभी राहिले. ती अंगणात आली, पायऱ्यांपर्यंत आली. मग आवाज थांबला आणि एकदम माझ्या पायांखाली गुरगुर सुरू झाली. ती डेकखाली गेली होती, पिल्लांपाशी. ती गुरगुर कानांना कमी ऐकू येत होती, तळपायांतून जास्त. फळ्यांतून ती वर चढत होती, पोटऱ्यांत, गुडघ्यांत. मी अनवाणी होते. त्या फळ्या आम्ही दोघांनी रंधून गुळगुळीत केल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला मी.

श्रीरंग बघत होते.

मग ती बाहेर पडली. तोंडात एक पिल्लू धरून, मान उंच करून ती कुंपणाखालून गेली आणि खोडक्यांतून तिरकी पळत हत्तीगवतात शिरली. तेव्हा खटका उघडला. श्रीरंगनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार पुन्हा लावलं. मी तिथेच फरशीवर बसले.

“मला वाटलं, तू आत आलीस,” ते म्हणाले. “मला वाटलं, तू माझ्या पुढंच आत आलीस.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या तळहाताचा मातीचा ठसा काचेवर उमटला होता.

बाई देवघराच्या बाजूनं, आतल्या बोळातून आल्या. “काय झालं?” त्यांनी विचारलं. श्रीरंगनी सांगितलं. बाईंनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि फाटलेल्या ब्लाउजवर आपला पदर टाकला. थोड्या वेळानं ती मादी पुन्हा आली आणि दुसरं पिल्लू घेऊन गेली. आम्ही तिघं काचेतून बघत होतो. श्रीरंगचा हात माझ्या खांद्यावर होता. तो मला नको होता, पण बाजूलाही करता येईना.

दुपारी वनखात्याची माणसं येऊन गेली. पायाचे ठसे पाहिले, पिल्लांची जागा पाहिली, खालची बाजू बंद करून घ्या म्हणाले. श्रीरंगनी त्यांना सगळं सांगितलं. “मी जोरात ओरडलो,” ते म्हणाले, “म्हणून ती बिचकली.” ते ओरडले नव्हते. मला वाटलं, घाबरलेला माणूस काहीही बोलतो. मीही घाबरले होते. वाघ समोर आल्यावर कुणाचा हात कुठे जाईल, ते देवालाही सांगता यायचं नाही. मी मनाला तसंच समजावलं आणि ते खरोखर समजतही होतं.

पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती गोष्ट वाढली. श्रीरंगनी हातात फळी घेतली होती, असं मला स्टाफरूममध्ये कळलं. आठवड्यानं ती फळी त्यांनी डेकवर आपटली होती. पुढे त्यांनी मला मागे ढकलून स्वतः पुढे उभं राहायला सुरुवात केली. बाजारात बायका मला थांबवून म्हणायच्या, “नशीबवान आहात हो. सरांनी जीव धोक्यात घातला.” मी मान हलवायचे. घरी आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. जेवायला काय करू, दूधवाला आला का, तेवढंच बोलणं. ते मात्र रोज नेटानं डेकचं काम पुरं करत होते. नट धरायला आता त्यांनी एक वाकडा चिमटा शोधून काढला होता, मला बोलावत नव्हते. खालची उघडी बाजू बंद केली, कठडा बसवला, तेलपाणी दिलं. डेक देखणा झाला, हे कबूल करायला हवं.

मी माझ्या बहिणीला, सिन्नरच्या ताईला फोन केला. काही दिवस येते म्हटलं. किती दिवस ते सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. एक बॅग भरून पलंगाखाली ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता आणि श्रीरंगनी डेकवर जेवण ठेवलं होतं. आमचे प्राचार्य वाळुंज सर, त्यांच्या मिसेस, ढोबळे, कॉलेजातली आणखी दोघंचौघं. बाईंनी स्वतः मासवड्या थापल्या होत्या. लोक फळ्यांवरून हात फिरवत होते, पाय आपटून बघत होते. ढोबळे म्हणाले, “सर, एस्टीचा भार घेईल हा.” ताटं रंगली, रश्शाला दाद मिळाली आणि मग वाळुंज सरांच्या मिसेस म्हणाल्या, “ती वाघाची गोष्ट सांगा की. तुमच्या तोंडून ऐकायचीय.”

श्रीरंगनी सांगितली. हातवारे करून, आवाज लहानमोठा करून. वर्गात ते मान्सूनचे वारे शिकवायचे तसे. “हिला मी असं दंडाला धरलं,” ते म्हणाले, “आणि दाराच्या आत लोटलं. आणि मग मी आणि ती वाघीण. समोरासमोर. मध्ये काही नाही.” कुणी तरी “बाप रे” म्हणालं. मी ताक वाढत होते. श्रीरंग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे विनवणी करत होते. “काय गं नीला? सांग ना यांना.”

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. तोंडातून ‘हो’ बाहेर पडायच्या बेतात होतं. इतके दिवस मान हलवलीच होती, त्यात आणखी एकदा.

“कडी तू लावलीस, श्रीरंगा.”

बाई दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर ताट होतं, एक घास मोडलेला. आवाज चढवला नव्हता त्यांनी. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं बोलल्या.

“बाई,” श्रीरंग म्हणाले, “तुम्ही देवघरात होता.”

“न्हाई. मी मागं व्हते, आतल्या बोळात. समदं बघितलं म्या. ही भाईरनं काचेवर हात ठिवून उभी व्हती अन् तू कडी दाबून धरली व्हतीस.” त्या थांबल्या. ताट खाली ठेवलं. “म्या तुला हिसका देऊन दार उघडाय पायजेल व्हतं. चार पावलं व्हती. माझेबी पाय उचलले न्हाईत. वाघीण आत शिरंल म्हणून माझाबी जीव भ्याला. आपण दोघं आत व्हतो, ही येकटी भाईर. हे खरं हाय. उगा दुसरं सांगू नको.”

मी भांडं कठड्यावर ठेवलं. त्या बोळात बाई उभ्या होत्या, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी मला पाणी दिलं होतं. पदर घातला होता. काय झालं म्हणून विचारलं होतं. इतके दिवस माझ्याशेजारी बसून भाकऱ्या थापल्या होत्या. श्रीरंगच्या हातातला खटका मी एकटीनंच पाहिला असं समजून मी तो छातीवर घेऊन हिंडत होते, आणि या बाईनं तो पाहिला होता, वर आपल्या पायांचंही ओझं वागवत होती.

ढोबळे ताटाकडे बघत राहिले. वाळुंज सरांच्या मिसेसनी नवऱ्याला नजरेनं खुणावलं. मग हात धुणं, निरोप, “छान झालं हो जेवण”, असं करत पाहुणे पटापट निघून गेले. ढोबळे तर कुंपण ओलांडून गेले, गेटाकडे वळलेच नाहीत.

मी ताटं गोळा केली. बाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी बाहेर आले तर श्रीरंग डेकच्या खालच्या पायरीवर बसलेले. ऊन उतरायला लागलं होतं. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं असावं, पण ते वळले नाहीत.

“ताईकडे निघालीस ना उद्या?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“बॅग बघितली पलंगाखाली.”

उसाच्या खोडक्यांना कोवळे कोंब आले होते, तिकडे बघत ते बोलत होते.

“मी तुला म्हटलं होतं, की मला वाटलं तू आत आलीस.”

“हं.”

“तसं नव्हतं. तू हात ठेवलास काचेवर, तो दिसला मला. अहो म्हणालीस, ते ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं. बाहेर तू आहेस, मागून ती येतेय, दार उघडायला पाहिजे, सगळं कळत होतं, नीला. वेड लागलं होतं, डोळ्यांपुढं अंधारी आली होती, असलं काही नाही. सगळं स्पष्ट कळत होतं. आणि मी खटका आणखी दाबला.”

हे सगळं मी पाहिलं होतं, रोज पाहत होते. तरी त्यांच्या तोंडून ते ऐकताना मी पायरीचा कठडा धरला.

“माहितीये मला,” मी म्हटलं. “मी बघत होते तुमच्याकडे.”

“म्हणूनच तुझ्याकडे बघवत नाही मला,” ते म्हणाले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. चौदा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. मी त्यांना हात लावला नाही. पण आतही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सिन्नरला गेले. ताईकडे राहिले, भाचीचा अभ्यास घेतला, मळ्यात हिंडले. ताईनं फार खोदून विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात मी परत निघाले तेव्हा मात्र म्हणाली, “असल्या माणसाकडे पुन्हा का जातेस?” एसटी फलाटाला लागली होती. “त्यांनी मला खरं सांगितलं,” एवढंच म्हणाले. तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

बाई पुढे सहा वर्षं जगल्या. त्या शेवटच्या आजारात माझ्या हातूनच जेवायच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

श्रीरंग मात्र बोलतात. आता निवृत्त झालेत. कुणी नवा माणूस घरी आला, डेकवर चहा घ्यायला बसला आणि इकडे बिबटे असतात म्हणे, असा विषय निघाला, की ते सांगतात. हातवारे नाहीत, आवाज लहानमोठा करणं नाही. “आमच्या या डेकखाली पिल्लं होती,” ते म्हणतात. “मादी आली. मी आत पळालो आणि दार लावून घेतलं. ही बाहेर होती.”

पाहुणा हसतो. नवरा स्वतःवरच विनोद करतोय असं त्याला वाटतं. मग तो माझ्याकडे बघतो, त्यांच्याकडे बघतो, आणि हळूहळू त्याचं हसू थांबतं.